आमरसाचा डबा उघडावा का?



"कठीण काळातही छोट्या छोट्या गोष्टींत आनंद शोधा." गेल्या पाच-सहा वर्षांत हे वाक्य मला किती वेळा आलंय याचा हिशेब ठेवला असता तर एक्सेल शीट भरली असती. खाली सूर्योदयाचा फोटो, नाहीतर वाफाळत्या चहाचा कप. कधी मावशीकडून, कधी एचआरकडून, तर कधी कॉलेजच्या ज्या मित्राने दहा वर्षांत एक फोन केला नाही त्याच्याकडून.

वाक्य चुकीचं नाही. माझी तक्रार सांगणाऱ्याच्या जागेबद्दल आहे. हा उपदेश करणारा बहुतेक वेळा स्वतः बाहेर, कोरड्यात उभा असतो. आणि ज्याच्या नाकातोंडात पाणी जातंय तो वेगळाच प्रश्न विचारत असतो: घरी असं चाललेलं असताना मी आनंद घेतला तर चालेल का? परदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हा प्रश्न जरा जास्तच टोचतो, कारण आपलं संकट आणि आपलं ताट हे दोन वेगळ्या देशांत असतात. याचं मला जे उत्तर वाटतं ते मांडतो. पटलं तर घ्या.

आधी जागेची ओळख, अमेरिका आणि आखातातल्या मंडळींसाठी. निशी-कसाई म्हणजे तोक्योच्या पूर्व टोकाला, एदोगावा वॉर्डातलं, तोझाई लाईनवरचं एक स्टेशन. १९७९ मध्ये सुरू झालं. इथून ऑफिसच्या भागात, म्हणजे निहोम्बाशी-ओतेमाचीला, गाडी न बदलता जाता येतं. शिवाय इथल्या यूआरच्या सरकारी वसाहतींत घर भाड्याने घेताना जामीनदार लागत नाही आणि परत न मिळणारे 'की मनी'ही नाहीत. वायटूकेच्या वेळी, १९९८-९९ च्या सुमारास, आपले इंजिनिअर इथे येऊ लागले ते यामुळेच. त्यांच्या आधी वीसेक वर्षांपासून इथे राहणारे चहाचे व्यापारी जगमोहन चंद्राणी यांनी त्या पोरांना घरं मिळवून द्यायला मदत केली, आणि शाकाहारी पोरांचे हाल बघून जेवणाची सोयही केली. त्या काळी आलेले एक सीनियर सांगतात, की दिवसभर कोबोलमधल्या तारखा दुरुस्त करायच्या, आणि संध्याकाळी गरम डाळभात समोर आला की डोळे भरून यायचे. आता ते गृहस्थ सगळंच थोडं वाढवून सांगतात :-) पण डाळभाताबद्दल माझा त्यांच्यावर विश्वास आहे. पुढे वस्ती इतकी वाढली की २०१९ मध्ये मूळचे अंबरनाथचे योगेंद्र पुराणिक एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून आले. असो.

मी २०१६ मध्ये आलो. सांगलीचा. तिथेच इंजिनिअरिंग, मग चार वर्षं पुणे, मग इथे.

आता मुद्द्याचं. कोरोनात जपानने काय केलं हे बाहेरच्यांना फारसं माहीत नसतं. घरात कोंडणारा लॉकडाऊन इथे कधीच नव्हता. ७ एप्रिल २०२० ला आणीबाणी जाहीर झाली, पण ती विनंतीवजा. बाहेर पडलात तर पोलीस काठी घेऊन उभा नाही. बंद झाला तो देशाचा दरवाजा. ३ एप्रिल २०२० पासून एकेका देशाचं नाव यादीत जात गेलं, २७ मे ला भारताचं गेलं. अर्थ असा की इथे रीतसर राहणारा, कर भरणारा परदेशी माणूससुद्धा एकदा भारतात गेला की परत येता येणार नाही. सप्टेंबरमध्ये ते सैल झालं. मग आली दुसरी लाट, आणि १४ मे २०२१ च्या मध्यरात्रीपासून भारत, नेपाळ, पाकिस्तानातून येणाऱ्या परदेश्यांना, इथल्या रहिवाशांनाही, पुन्हा दार बंद.

१४ मे २०२१ लक्षात राहण्याचं दुसरं कारण म्हणजे त्या दिवशी अक्षय्य तृतीया होती.

त्या दिवशी माझे वडील (आम्ही त्यांना अण्णा म्हणतो) सांगलीत एका हॉस्पिटलात ऑक्सिजनवर होते, सहावा दिवस. थोरले काका दुसऱ्या हॉस्पिटलात, त्यांना तर बेड मिळायलाच दीड दिवस गेला होता. सगळी धावपळ दादा करत होता. मी जायचं ठरवलं असतं तर जाऊ शकलो असतो, पण परत कधी येणार हे कोणी सांगू शकत नव्हतं. इथे बायको, चार वर्षांची मुलगी आणि नोकरीवर टांगलेला व्हिसा. आणि जाऊनही वॉर्डात कोणाला सोडत नव्हतेच. हे सगळं तर्काने बरोबर होतं. तर्काने झोप लागत नाही, एवढंच.

घरात हापूसच्या रसाचा एक डबा होता, स्टेशनजवळच्या इंडियन स्टोअरमधून आणलेला. अक्षय्य तृतीयेला पितरांना दाखवून मग आंबा खायचा ही आमच्या घरची रीत. डबा उघडावा का यावर आमच्या दोन खोल्यांच्या घरात अर्धा दिवस शीतयुद्ध चाललं. माझं म्हणणं, अण्णा तिकडे मास्क लावून पडलेत आणि आपण काय आमरस ओरपायचा? बायकोचं म्हणणं, पोरीला सण कळू दे, आणि डबा तसाच ठेवून अण्णांचा ऑक्सिजन वाढणार आहे का? शेजारच्या इमारतीतल्या एका काकूंचा फोन आला. त्यांच्याकडेही गावी आजारपण होतं. त्या म्हणाल्या, "आम्ही तर यंदा काहीच गोड करणार नाही बाई, घशाखाली उतरणार नाही." मला त्यांचं पटलं होतं. बायकोने डबा उघडला.

संध्याकाळी पाचला अण्णांचा व्हिडिओ कॉल आला. सांगलीत तेव्हा दीड वाजलेला असतो, दुपारचा डबा नुकताच झालेला. पोरीने लगेच सांगून टाकलं, "अण्णा, आम्ही आमरस खाल्ला!" मी तिच्या हातातून फोन ओढून घेणार, तेवढ्यात मास्कच्या आडून, दोन शब्द आणि एक दम असं करत अण्णांनी विचारलं, "तूप... मिरपूड... घातली का? नाहीतर... बाधेल."

मग डबा कुठल्या कंपनीचा, केवढ्याला पडला, गोड होता का आंबूस, हे सगळं झालं. बोलू नका म्हटलं तरी ऐकेनात. तीन मिनिटं त्यांनी दुसरा कुठलाच विषय काढला नाही. ऑक्सिजनची लेव्हल, सीटीचा स्कोअर, रेमडेसिव्हिर हे शब्द ते दिवसभर ऐकतच होते, त्यात माझी आणखी भर कशाला पाहिजे होती त्यांना?

तर या प्रश्नावर माझं मत असं. दूर असलेल्या माणसाने आनंद गोठवून ठेवला तर अडचणीतल्या माणसाला त्याचा काडीचा उपयोग नसतो. उलट त्याच्याकडे यायची एक खिडकी बंद होते. आजारी माणसाला आपण उपाशी बसलोय हे ऐकून बरं वाटत नाही, आज काय भाजी केली हे ऐकायचं असतं. "काय जेवलास?" हा आपल्या लोकांचा फोनवरचा पहिला प्रश्न आहे, आणि आपण त्याची चेष्टा करतो. त्या महिन्यापासून मी करत नाही.

पुढचे अडीच आठवडे मी रोज पाचच्या कॉलची तयारी करत असे. अक्षरशः तयारी, स्टेटस मीटिंगची करतात तशी. आज काय दाखवायचं? लंच अवरमध्ये पंधरा मिनिटं बाहेर जायचं आणि काहीतरी घेऊन यायचं. त्यासाठी शोधायला लागल्यावर कळलं की आपल्या पायाखाली काय काय आहे. आमच्या वॉर्डातल्या ग्योसेन पार्कात एक छोटं प्राणिसंग्रहालय आहे, पेंग्विन, लाल पांडा वगैरे, प्रवेश फुकट. दुकानात कोमात्सुना नावाची पालेभाजी मिळते. पालक आणि मोहरीचा पाला यांच्या मधली चव. तिचं नाव इथल्याच कोमात्सुगावावरून पडलेलं आहे. आठवा शोगुन योशिमुने १७१९ मध्ये इकडे शिकारीला आला, त्याला ही भाजी घातलेलं सूप आवडलं आणि त्याने तिला गावाचं नाव दिलं, अशी कथा सांगतात. एदोगावात अजूनही कोमात्सुनाची शेतं आहेत, घरांच्या मधे मधे, एखाद्या परसाएवढी. अण्णांना शोगुनमध्ये काही रस नव्हता. "पीठ पेरून कर," म्हणाले. "लसूण सढळ."

आणि अराकावा. स्टेशनपासून पश्चिमेला चालत गेलं की नदीचा बांध लागतो. वर चढलं की एकदम आकाश मोठं होतं, तोझाई लाईनचा पूल, थंडीतल्या स्वच्छ सकाळी फुजी. लोक धावतायत, म्हातारे बाकावर बसलेत, कोणी सॅक्सोफोन वाजवतोय (घरी वाजवला तर शेजारी तक्रार करतात म्हणून नदीवर येतात बिचारे). अण्णांना नदी दाखवली की त्यांचा प्रश्न ठरलेला: "पाणी किती फूट आहे?" सांगलीच्या माणसाला दुसरं काय सुचणार! ऑगस्ट २०१९ ला आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, आमच्या खालच्या मजल्यावर छातीएवढं पाणी. तेव्हापासून त्यांना कुठलीही नदी फुटांतच दिसते.

त्यांच्यासाठी म्हणून मी वाचून काढलं, आणि इंजिनिअर मंडळींना आवडेल म्हणून इथे सांगतो. आम्ही ज्या अराकावाच्या काठाने फिरतो ती नदी मुळात नदीच नाही, खोदलेला कालवा आहे. १९१० मध्ये तोक्योत भयंकर महापूर आला, त्यानंतर पुराचं पाणी शहराच्या बाहेरून समुद्राला न्यायला सुमारे २२ किलोमीटरचा हा प्रवाह खोदला. १९२४ मध्ये त्यातून पाणी सोडलं, काम पूर्ण व्हायला १९३० उजाडलं. त्यावरचा प्रमुख इंजिनिअर आकिरा आओयामा आधी पनामा कालव्यावर काम करून आलेला होता. आणि एवढं करूनही एदोगावाचा जवळजवळ ७० टक्के भाग भरतीच्या पाण्याच्या पातळीखालीच आहे. २०१९ मध्ये वॉर्डाने पुराचा जो नकाशा घरोघरी वाटला, त्याच्या मुखपृष्ठावर चक्क लिहिलं होतं, "इथे राहू नका"! म्हणजे मोठा पूर येणार असेल तर वॉर्ड सोडून जा. सरकारी पत्रकात इतका स्पष्ट मजकूर मी तरी दुसरीकडे पाहिलेला नाही.

संध्याकाळच्या पाचच्या धुनीचंही तसंच. इथे खांबांवर भोंगे असतात, त्यावर रोज संध्याकाळी एक छोटी धून वाजते. पोरं खेळ आटपून घरी पळतात. मला कित्येक दिवस वाटायचं की ही मुलांसाठीच आहे. प्रत्यक्षात ती भूकंप, पुराच्या सूचना देणाऱ्या यंत्रणेची रोजची चाचणी असते. भोंगा चालतोय ना, हे बघायला रोज गाणं वाजवतात. अण्णांचा कॉल पाचचा, त्यामुळे त्यांना ती रोज फोनमधून ऐकू जायची. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून ते वाट बघायला लागले. एकदा मला कॉल घ्यायला उशीर झाला तर पहिलं वाक्य, "वाजून गेलं का तुमचं?"

या सगळ्यांत मला एक गोष्ट समान दिसते. डाळभात, कालवा, फुकटची बाग, भोंग्यावरची धून. यातली एकही गोष्ट कोणाच्या 'पॉझिटिव्ह अॅटिट्यूड'मधून आलेली नाही. कोणीतरी आधी कधीतरी, बहुतेक वेळा संकटाच्या भीतीने, खपून करून ठेवली आणि नंतर कोणीतरी तिची झाडलोट चालू ठेवली. म्हणून "आनंद तुमच्या मनातच आहे" असं कोणी म्हटलं की मला त्याला विचारावंसं वाटतं, की बाबा रे, तुझ्या घराजवळ बसायला बाक आहे का? पुण्यात मी चार वर्षं जिथे राहिलो तिथे पायी फिरायला धड फूटपाथ नव्हता. तिथल्या माणसाला छोट्या गोष्टींत आनंद शोध म्हणणं सोपं आहे, पण त्याने तो शोधायचा कुठे, रिक्षाच्या धुरात?

दुसरा प्रश्न घरातला. लॉकडाऊनच्या काळात सगळीकडे 'घरच्या साध्या जेवणाची गोडी' यावर लेखांचा पाऊस पडला होता. साधं कोणाला? दिवसातून तीन वेळा ते साधं जेवण रांधणाऱ्या बाईला विचारा. आमच्या ओळखीच्या एका घरात नवरा वर्क फ्रॉम होम, दोन पोरं घरी, आणि वहिनींचीही टेस्टिंगची नोकरी. नवरोबा ग्रुपवर रोज थालीपीठ, पुरणपोळीचे फोटो टाकायचे, खाली 'सिंपल जॉईज'. एक दिवस वहिनींनी त्याच ग्रुपवर सिंकमधल्या भांड्यांचा फोटो टाकला, खाली तेच दोन शब्द. त्यानंतर फोटो बंद झाले. थालीपीठं बहुधा चालू राहिली असावीत.

आणि ऑफिस. साध्या आनंदाचा उपदेश पगारवाढ नाकारल्याच्या आठवड्यात आला की मी मेल न वाचता डिलीट करतो. आता साथ ओसरली, पण दिवस काही सोपे नाहीत. २०१२ च्या सुमारास डॉलरला ८० येनच्या आसपास मिळायचे, जुलै २०२४ मध्ये १६० च्या पुढे गेले. घरी पैसे पाठवणाऱ्याला याचा अर्थ समजावून सांगायला नको. २०२५ च्या वसंतात ५ किलो तांदळाची सरासरी किंमत ४,२०० येनच्या वर गेली, आदल्या वर्षीच्या जवळजवळ दुप्पट. वर नोकऱ्यांची टांगती तलवार. अशा वेळी "चेरीची फुलं बघा, आनंदी राहा" हे पगाराला पर्याय म्हणून कोणी देत असेल तर ते घेऊ नये. चेरी वॉर्डाची आहे, कंपनीने लावलेली नाही.

मग फुलं बघायची की नाही? बघायची. २९ मार्च २०२० ला, रविवारी, ऐन बहरात आलेल्या चेरीवर तोक्योत बर्फ पडलं होतं. गव्हर्नर बाईंनी घरात थांबायची विनंती केली होती, त्यामुळे आम्ही बाल्कनीतूनच खालच्या दोन झाडांकडे बघत उभे होतो. समोरच्या इमारतीच्या प्रत्येक बाल्कनीत एक-दोन माणसं तशीच उभी. कोणी कोणाशी बोललं नाही (जपानी शेजारी, काय बोलणार), पण दहाएक मिनिटं कोणी आतही गेलं नाही. त्या क्षणी आम्हाला काय वाटलं याचं मोठं वर्णन मी करणार नाही. थंडी खूप होती. पण ती इमारत तेव्हापासून मला अनोळखी वाटत नाही.

अण्णा २५ दिवसांनी घरी आले. अजून जिना चढताना थांबतात, पण ठीक आहेत. थोरले काका आले नाहीत, १९ मे ला गेले. त्यांचे दिवस दादाने एकट्याने केले, आम्ही स्क्रीनवरून नमस्कार केला. त्या संध्याकाळी पाचचा कॉल येईल की नाही, आणि आला तर अण्णांना काय दाखवायचं, मला काहीच सुचत नव्हतं. कॉल आला. दादाने त्यांना सकाळीच सांगितलं होतं. खूप वेळ कोणीच बोललं नाही. मग धून वाजली, आम्ही दोघांनी ती पूर्ण ऐकली. अण्णा म्हणाले, "नदीकडं गेला न्हाईस आज?" मी नाही म्हटलं. "जाऊन ये," म्हणाले, "आणि मला सांग."

गेलो. अंधार पडायला आला होता, ओहोटी होती, चिखलावर बगळे. परत आल्यावर तेवढंच लिहून पाठवलं, सोबत एक अंधुक फोटो. त्यांचं उत्तर सकाळी आलं: "पाणी उतरलंय. चांगलं आहे."

शेजारच्या काकूंनी त्या वर्षी खरंच काही गोड केलं नाही, दिवाळीतही नाही. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. प्रत्येकाचा घसा वेगळा. फक्त आता आमच्या भागात कोणी नवीन मुलगा एकटा येतो, नोकरीचं नाहीतर घरचं काहीतरी बिनसलेलं असतं, तेव्हा त्याला मी धीर वगैरे देत बसत नाही. रविवारी सकाळी नदीवर घेऊन जातो आणि येताना भाजी घ्यायला लावतो. घरी फोन केल्यावर आईला सांगायला काहीतरी पाहिजे ना.

चू.भू.द्या.घ्या.

ता.क.: कोमात्सुना करणार असाल तर देठं आधी टाका, पानं नंतर, आणि झाकण ठेवू नका, रंग जातो. बेसन कोरडं भाजून घेतलेलं बरं. लसूण सढळ.